स्वयमचे कोर्स आणि कॉलेजचे क्रेडिट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलैत आणि जानेवारीत, म्हणजे ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठाचं नवं सत्र सुरू होताना, स्टाफरूममधल्या माझ्या टेबलापाशी दोन-चार जण तरी येतात. निकालाच्या दिवसांत मात्र रांग लागते. खरं तर हे उलटं व्हायला हवं.

कॉलेजात मी शिकवण्याबरोबर स्वयम आणि एबीसीचं, म्हणजे मुलांच्या क्रेडिटच्या डिजिटल खात्यांचं, काम बघतो. खालचे प्रश्न मुलं विचारतात तसेच ठेवले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या विद्यापीठांशी संलग्न कॉलेजांत पदवी घेणाऱ्यांना धरून आहेत. बारीकसारीक नियम विद्यापीठागणिक बदलतात. तुमच्या विद्यापीठाचं परिपत्रक आणि हे पान यांत फरक दिसला, तर परिपत्रक खरं धरा.

क्रेडिट म्हणजे नेमकं काय? मार्क आणि क्रेडिट एकच ना?

एक नाही. क्रेडिट, सरकारी मराठीत श्रेयांक, हे अभ्यासाच्या तासांचं माप आहे. सत्रभरात १५ तास तासिका झाल्या की १ क्रेडिट. प्रात्यक्षिकाला त्याच १ क्रेडिटसाठी ३० तास लागतात. म्हणजे ४ क्रेडिटचा थिअरीचा विषय हा ६० तासांचा विषय.

विषय सुटला की त्याचे पूर्ण क्रेडिट मिळतात. काठावर पास झालेल्यालाही ४ आणि ९१ मार्क पाडणारीलाही ४. दोघांत फरक पडतो तो ग्रेडमध्ये. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्सला किमान १६० क्रेडिट लागतात. आपल्याकडे राज्य सरकारने सत्राला २२ क्रेडिटची रचना केली, त्यामुळे तीन वर्षांचे १३२ आणि चारचे १७६ होतात.

स्वयम आणि एनपीटीईएल वेगवेगळे आहेत का?

स्वयम हे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ, ९ जुलै २०१७ ला सुरू झालेलं. त्यावरचे कोर्स वेगवेगळ्या राष्ट्रीय समन्वयक संस्था चालवतात आणि एनपीटीईएल ही त्यांतली एक. तिचं काम स्वयमच्याही आधीचं, २००३ पासूनचं. आयआयटी आणि आयआयएस्सीचे प्राध्यापक शिकवतात. इंजिनिअरिंगचे कोर्स बहुतेक तिकडचे. बीए, बीकॉमच्या मुलांना लागणारे बरेचसे कोर्स सीईसी या दुसऱ्या समन्वयक संस्थेकडे असतात. हा फरक माहीत असावा, कारण परीक्षेची पद्धत आणि मार्कांची विभागणी दोन्हीकडे वेगळी आहे.

सर, माझ्याकडे सर्टिफिकेट आहे. क्रेडिट कधी लागतील?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात वाईट उत्तरही याचंच. कोर्स सुरू करण्याआधी कॉलेजला विचारलं नसेल, तर बहुधा लागणार नाहीत.

मागे एक विद्यार्थिनी जूनमध्ये आली. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नीट ठेवलेलं सर्टिफिकेट, १२ आठवड्यांचा कोर्स, ७८ गुण, वर ‘एलिट’ आणि ‘सिल्व्हर’ची मोहोर. कष्ट खरे होते. पण कोर्स तिच्याच विद्याशाखेतला होता आणि तिला तो हवा होता ओपन इलेक्टिव्हच्या, म्हणजे विद्याशाखेबाहेरच्या ऐच्छिक विषयाच्या, जागी. शिवाय ओपन इलेक्टिव्हसाठी तिचं नाव कॉलेजच्या नियमित विषयाला चढलेलं होतं. त्या विषयाची अंतर्गत परीक्षा तिने दिलीच नाही, ‘मी स्वयम करतेय’ म्हणून. निकालात तिथे अनुपस्थित लागलं. हातात आयआयटीच्या प्राध्यापकाच्या सहीचं सर्टिफिकेट आणि गुणपत्रकात केटी, म्हणजे विषय राहिलेला! तिच्याशी बोलताना मलाच ओशाळल्यासारखं झालं, कारण फेब्रुवारीत दहा मिनिटं भेटली असती तर हे टळलं असतं.

कामाचा क्रम असा असतो. सत्राच्या आधी स्वयमवर कोर्सची यादी लागते. त्यातला कोणता कोर्स कोणत्या विषयाच्या बदल्यात चालेल, हे अभ्यास मंडळ सुचवतं आणि विद्यापरिषद मंजूर करते. स्वायत्त कॉलेजात ही मंडळं कॉलेजचीच असतात, संलग्न कॉलेजात विद्यापीठाची. त्या यादीतला कोर्स निवडून तुम्ही विभागप्रमुखांच्या सहीचा अर्ज द्यायचा. मग कॉलेज तुमचं नाव नियमित विषयातून काढून स्वयमखाली घालतं. हे झाल्यावर स्वयमवर नोंदणी. अर्जाच्या पोचपावतीचा फोटो काढून ठेवा, कागद कपाटात जातो आणि कपाटं बदलतात.

पण कोणतंही विद्यापीठ स्वयमचे क्रेडिट नाकारू शकत नाही, असा यूजीसीचा नियमच आहे ना?

आहे. कुणीतरी तो वाचून येतं याचं मला बरंच वाटतं. पण त्याच नियमावलीत कोणता कोर्स स्वीकारायचा ते ठरवण्याचं काम विद्यापरिषदेला दिलेलं आहे. मंजूर केलेल्या कोर्सचे क्रेडिट नंतर ‘आम्ही ऑनलाइन मानत नाही’ म्हणून विद्यापीठाने अडवायचे नाहीत, हा त्या नियमाचा अर्थ. जगातला कुठलाही कोर्स करून आणा आणि आम्ही तो कुठल्याही विषयाच्या जागी चिकटवू, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. मंजूर यादीतला कोर्स, वेळेत दिलेला अर्ज आणि तरी कुणी नकार देत असेल, तर नियमावली दाखवून लेखी उत्तर मागा. तोंडी नकारावर परत फिरू नका.

एका सत्रात असे किती विषय घेता येतात?

यूजीसीच्या २०१६ च्या नियमावलीत ही मर्यादा २० टक्के होती. २०२१ मध्ये ती ४० टक्के झाली: एखाद्या अभ्यासक्रमात त्या सत्रात जेवढे विषय आहेत, त्यांच्या ४० टक्क्यांपर्यंत. सात विषय असतील तर ४० टक्के म्हणजे २.८, म्हणजे दोनच. २.८ चे तीन करून मागणारे दरवर्षी भेटतात.

ही वरची मर्यादा आहे, हक्काचा कोटा नव्हे. तुमचं विद्यापीठ ‘सत्राला एकच’ म्हणत असेल, तर एकच.

कोणत्या विषयाच्या जागी घेतलेलं बरं?

सगळ्यात सोपं ओपन इलेक्टिव्ह. राज्याच्या २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयात आणि १३ मार्च २०२४ च्या सुधारित निर्णयात विषयांच्या टोपल्या, म्हणजे गट, ठरवून दिल्या आहेत: मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याधारित, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली वगैरे. ओपन इलेक्टिव्ह आपल्या मेजरच्या विद्याशाखेबाहेरचं असावं लागतं. म्हणजे बीकॉमवाल्याने अकाउंटिंगचा कोर्स ओपन इलेक्टिव्ह म्हणून आणला तर तो कितीही चांगला असो, परत जातो. त्याने मानसशास्त्र घ्यावं, पर्यावरण घ्यावं, हवं तर खगोलशास्त्र घ्यावं. मला विचाराल तर या टोपलीचा खरा उपयोग तोच आहे. पण मुलं ‘कशात मार्क सुटतील’ एवढंच विचारतात.

मेजरच्या जागी घ्यायचं तर अभ्यासक्रम बराच जुळावा लागतो आणि अभ्यास मंडळं तिथे हात आखडता घेतात. त्यात चुकीचं काही नाही, पुढच्या सत्राचा विषय त्या पायावर उभा असतो. ज्या विषयाला प्रयोगशाळा आहे त्याची थिअरी स्वयमवर झाली, तरी प्रॅक्टिकल कॉलेजातच करावं लागेल. ऑन जॉब ट्रेनिंग, फील्ड प्रोजेक्ट किंवा समाजसहभागाचं काम स्वयमवर उरकता येत नाही, व्हिडिओ बघून गावचं सर्वेक्षण होत नसतं.

कोर्स आठ आठवड्यांचा आहे. चार क्रेडिटच्या विषयाला चालेल?

एकटा नाही. ढोबळ हिशेब असा: ४ आठवडे म्हणजे १ क्रेडिट, ८ म्हणजे २, १२ म्हणजे ३. खरी अडचण बारा आठवड्यांच्या कोर्सची होते. तीन क्रेडिट मिळतात आणि विषय असतो चारचा. उरलेला एक कुठून आणायचा? काही ठिकाणी १२ आणि ४ आठवड्यांचे दोन कोर्स जोडायला परवानगी देतात, काही ठिकाणी नाही. हे अर्जाच्या वेळीच लेखी ठरवून घ्या. सहाव्या सत्राच्या निकालानंतर १३१ क्रेडिट घेऊन उभं राहण्यासारखी पंचाईत नाही. त्या एकापायी पदवी अडकते आणि त्या वेळी १ क्रेडिटचा कोर्स नेमका चालू नसतो.

स्वयमवर ‘जॉइन’ केलं. झालं ना?

अर्धंच झालं. कोर्सला नोंदणी मोफत असते. परीक्षेची नोंदणी वेगळी असते, तिला फी असते आणि तिची शेवटची तारीख सत्राच्या मधेच कधीतरी येऊन जाते. सगळ्या असाइनमेंट देऊन परीक्षेचा फॉर्म विसरलेले दर सत्रात निघतात. फॉर्म नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर क्रेडिट नाही. इथे मी काहीही करू शकत नाही, प्राचार्यही नाही.

नोंदणी करताना ईमेल कॉलेजने सांगितला असेल तोच द्या. मित्राच्या, भावाच्या किंवा सायबर कॅफेवाल्याच्या मेलवरून खातं उघडू नका. सूचना त्या मेलवर जातात, तुमच्यापर्यंत पोचत नाहीत.

परीक्षा घरून देता येते का?

नाही. केंद्रावर जाऊन द्यावी लागते, देखरेखीखाली. एनपीटीईएलच्या परीक्षा शनिवार-रविवारी असतात, बाकीच्या बहुतेक कोर्सच्या परीक्षा एनटीए, म्हणजे नॅशनल टेस्टिंग एजन्सी, घेते. फॉर्म भरताना शहराचे पर्याय विचारतात, ते विचार करून टाका. विद्यापीठाच्या पेपरशी तारीख भिडतेय असं दिसलं तर त्याच दिवशी सांगा.

पास व्हायला किती लागतात?

एनपीटीईएलमध्ये असाइनमेंटला २५ आणि अंतिम परीक्षेला ७५ गुण. असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० हवेत, दोन्ही स्वतंत्रपणे. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वोत्तम आठ असाइनमेंट धरतात, आठ आठवड्यांच्या कोर्समध्ये सहा, चारच्या कोर्समध्ये तीन.

समजा असाइनमेंटमध्ये २२ मिळाले आणि परीक्षेत २८. बेरीज ५०, पण नापास. ‘सर, पन्नास म्हणजे पास’ असं म्हणत येऊ नका, परीक्षेचे ३० भरले नाहीत. आणि असाइनमेंटचे २२ कसे येतात हे मला ठाऊक आहे. रविवारी रात्री ग्रुपवर उत्तरं फिरतात. ती उतरवणाऱ्याला परीक्षा-केंद्रावरच्या संगणकासमोर पहिल्यांदाच प्रश्न वाचायची वेळ येते, तिथे हे २८ पडतात.

इतर समन्वयक संस्थांच्या कोर्सना साधारण अंतर्गत ३० आणि अंतिम ७० अशी विभागणी असते आणि दोन्हींत वेगवेगळे ४० टक्के लागतात. कोर्सच्या पानावर ते लिहिलेलं असतं. एकदा वाचा.

या मार्कांचा माझ्या एसजीपीएवर परिणाम होतो?

क्रेडिट कोर्स म्हणून घेतला असेल तर होतो. एसजीपीए म्हणजे सत्राची सरासरी: प्रत्येक विषयाचे ग्रेड पॉइंट गुणिले क्रेडिट, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. बावीस क्रेडिटच्या सत्रात वीस क्रेडिटच्या विषयांना ८ पॉइंट असतील तर १६० झाले. उरलेल्या २ क्रेडिटच्या स्वयम कोर्सला १० पॉइंट मिळाले तर आणखी २०. एकूण १८० भागिले २२, म्हणजे ८.१८. तोच कोर्स ४ पॉइंटवर काठावर सुटला तर १६८ भागिले २२, म्हणजे ७.६४. दोन क्रेडिटनी अर्ध्याहून जास्त पॉइंट हलतो. स्कॉलरशिपवाल्यांनी हे गणित आधी करावं.

एबीसी आयडी काय आहे? आणि अपार?

अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, २०२१ मध्ये सुरू झालेली. तुम्ही मिळवलेल्या क्रेडिटचं डिजिटल खातं. डिजिलॉकरमधून उघडता येतं आणि बारा अंकी क्रमांक मिळतो. अपार हा विद्यार्थ्याचा कायमचा बारा अंकी ओळख क्रमांक, आता हे खातं त्याच्याशी जोडलेलं असतं.

बँक म्हटल्यावर मुलांना वाटतं आपण जाऊन जमा करायचं. तसं नाही. सर्टिफिकेट अपलोड करून तुम्ही स्वतः क्रेडिट जमा करू शकत नाही, ते संस्थाच जमा करते. तुमच्या हातात क्रमांक बरोबर देणं आणि नाव जुळवणं, एवढंच.

आणि नाव जुळवणं हे काम दिसतं तेवढं साधं नाही. आपल्याकडे कॉलेजच्या नोंदीत आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आईचं. आधारवर नाव आधी, आडनाव शेवटी, आईचा पत्ता नाही. कुणाच्या वडिलांना एका कागदावर ‘राव’ लागलेलं, दुसऱ्यावर नाही. दत्तात्रयचं इंग्रजी स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेचं. लग्न झालेल्या मुलीचं आधार सासरच्या नावाने आणि दहावीची गुणपत्रिका माहेरच्या. माणसाला कळतं की ही एकच व्यक्ती आहे, संगणकाला कळत नाही आणि नोंद अडकते. पहिल्या वर्षीच दहावीची गुणपत्रिका आणि आधार शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. दुरुस्ती करायची तर तेव्हाच, तिसऱ्या वर्षाच्या मे महिन्यात आधार केंद्रावर सगळेच उभे असतात.

निकाल लागला, पण एबीसीत क्रेडिट दिसत नाहीत.

थोडं थांबा, विद्यापीठ सगळ्यांचा डेटा एकदम चढवतं. वर्गातल्या इतरांचे दिसताहेत आणि तुमचेच नाहीत, तर वरचा परिच्छेद पुन्हा वाचा आणि परीक्षा विभागात गुणपत्रक व आधारची प्रत घेऊन जा.

मधेच शिक्षण सोडावं लागलं तर आधीचे क्रेडिट वाया जातात का?

जात नाहीत. पहिल्या वर्षानंतर थांबणाऱ्याला सर्टिफिकेट आणि दुसऱ्यानंतर डिप्लोमा मिळतो, ठरलेले क्रेडिट पूर्ण असतील तर. बाहेर पडताना ४ क्रेडिटचं कौशल्याचं किंवा इंटर्नशिपचं जादा काम करावं लागतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तीन वर्षांच्या आत परत यावं आणि एकूण सात वर्षांच्या आत पदवी पुरी करावी, असं यूजीसीचा आराखडा सांगतो. एबीसीतल्या क्रेडिटची मुदतही जास्तीत जास्त सात वर्षं.

दुसऱ्या विद्यापीठात जाणार असाल तर आणखी एक अट लक्षात असू द्या. पदवी देणाऱ्या संस्थेकडून किमान ५० टक्के क्रेडिट मिळवलेले असावे लागतात. शेवटच्या वर्षी नावाजलेल्या कॉलेजात उडी मारून त्याची पदवी घ्यावी, असा बेत असेल तर तो इथेच अडतो.

एकच स्वयम कोर्स दोन पदव्यांना वापरता येईल? मी दोन करतोय.

दोन पदव्या एका वेळी करायला यूजीसीने एप्रिल २०२२ पासून मुभा दिली आहे, दोन्ही प्रत्यक्ष वर्गातल्या असतील तर तासिकांच्या वेळा भिडता कामा नयेत. पीएचडीला ही मुभा लागू नाही. पण क्रेडिट एकदा वापरले की एबीसीच्या खात्यातून वजा होतात. एकाच पैशाने दोनदा भाजी येत नाही.

स्वयमच्या परीक्षेत नापास झालो. केटी देता येईल का?

कॉलेज त्या कोर्सची केटीची परीक्षा घेऊ शकत नाही, पेपर आमचा नाहीच. तो कोर्स पुढच्या सत्रात पुन्हा लागला तर पुन्हा करा. पण प्रत्येक कोर्स प्रत्येक सत्रात लागत नाही, तेव्हा त्या टोपलीतला कॉलेजचा नियमित विषय घेऊन क्रेडिट भरून काढावे लागतात. म्हणून पाचव्या-सहाव्या सत्रात पहिल्यांदाच स्वयम करायला निघालेल्यांना मी तोंडावर नको म्हणतो. प्रयोग करायचा तर दुसऱ्या-तिसऱ्या सत्रात करावा, सावरायला वेळ उरतो.

यूट्यूबवरचे किंवा परदेशी साइटवरचे कोर्स चालतात का?

स्वयमच्या नियमावलीखाली नाही. बायोडेटात जरूर लिहा.

मला क्रेडिट नकोच, नुसतं शिकायचंय.

मग अर्ज नको, परवानगी नको, माझ्याकडे यायलाही नको. आज रात्री खातं उघडा. व्हिडिओ आणि वाचायचं साहित्य मोफत आहे. चर्चेच्या जागी प्रश्न टाकलात तर उत्तर येतं. काही कोर्सचं साहित्य मराठीतही मिळतं. आमच्या एका शिपाईमामांनी मोबाइलवर कोर्समधली सगळी व्याख्यानं ऐकली, परीक्षा दिली नाही. स्टाफरूममध्ये त्या विषयावर आता त्यांच्याशी वाद घालताना जपून बोलावं लागतं.

सर्टिफिकेट लॅमिनेट करून आणू का?

नको. ते ई-सर्टिफिकेट असतं, डाउनलोड केलेली मूळ पीडीएफ मेल करा. लॅमिनेशनवर ट्यूबलाइटची चमक येते आणि पडताळणीचा क्यूआर कोड फोनला वाचता येत नाही. मला एकदा खिडकीत जाऊन, सर्टिफिकेट उभं-आडवं धरून स्कॅन करावं लागलं होतं.